नदीतले राफ्टिंग: जाण्यापूर्वी, राफ्टमध्ये आणि परत आल्यावर

एका सोमवारी सकाळी ओपीडीत २९ वर्षांचा तरुण आला. आदल्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपबरोबर तो कोलाडला राफ्टिंगला गेला होता. एका रॅपिडमध्ये राफ्टमधून बाहेर पडला, नाकातोंडात पाणी गेले, मिनिटभरात गाइडने त्याला ओढून वर घेतले. तासभर खोकला आला. मित्रांनी चहा पाजला, पाठीवर थोपटले, थट्टाही केली. रात्री पडल्यावर धाप लागू लागली म्हणून तो उशीला टेकून बसून राहिला. माझ्यासमोर आला तेव्हा बोटावरच्या मशीनमध्ये ऑक्सिजन ८९ टक्के होता आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत डाग होते. दोन दिवस ऑक्सिजनवर राहून तो बरा झाला. ॲडमिट करताना मात्र तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होता, "डॉक्टर, पण मी बुडलो नव्हतो."

वैद्यकीय भाषेत तो बुडाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पाण्यात गेल्यामुळे श्वास घेण्यात अडथळा येणे म्हणजे बुडणे. मग माणूस दगावो, आजारी पडो किंवा पूर्ण बरा होवो. "बुडता बुडता वाचला" असे आपण म्हणतो आणि प्रकरण तिथेच संपले असे समजतो. फुप्फुसांचे काम त्यानंतरही काही तास बिघडत जाऊ शकते.

राफ्टिंगला जाऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. मी स्वतः तीनदा गेलो आहे आणि पुन्हा जाईन. दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुट्ट्यांनंतर माझ्याकडे येणाऱ्या दुखापतींपैकी बहुतेक टाळता येण्यासारख्या असतात, म्हणून हे लिहीत आहे.

कुंडलिकेचे पाणी नेहमीच्या नदीसारखे नसते

महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटले की कुंडलिका आठवते. पावसाळा संपला की सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या आटतात, मग हिला डिसेंबरातही पाणी कसे? मुळशी जलाशयाचे पाणी घाट उतरवून रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथल्या जलविद्युत केंद्रात आणले जाते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज तयार झाल्यावर ते पाणी खाली कुंडलिकेच्या खोऱ्यात सोडले जाते. या सोडलेल्या पाण्यावर सकाळचे राफ्टिंग चालते. म्हणूनच तिथे पहाटे पोहोचायला सांगतात.

याचा आरोग्याशी संबंध असा, की सकाळी कोरडे दिसणारे खडक पाणी सोडल्यावर थोड्या वेळात बुडतात. वर आकाश निरभ्र असते, पावसाचा थेंब नसतो आणि तरी पात्र भरत जाते. पात्रातल्या खडकावर फोटो काढण्यासाठी उतरणे, मुलांना कडेला खेळायला सोडणे हे अशा नदीत धोक्याचे आहे. राफ्टिंग करणाऱ्यांना हेल्मेट आणि जॅकेट तरी असते. काठावर थांबलेल्या कुटुंबाकडे काहीच नसते.

खळाळत्या पाण्याची अवघडपणानुसार १ ते ६ अशी श्रेणी लावतात. कुंडलिकेचा नेहमीचा टप्पा २ ते ३ मध्ये बसतो. म्हणजे लाटा अनियमित असतात, अरुंद जागेतून वळावे लागते, राफ्टमधून माणूस बाहेर पडू शकतो, पण सज्ज असलेला माणूस सहसा सुखरूप काठाला लागतो. जोरदार पावसात हीच नदी वरच्या श्रेणीत जाते. श्रेणी त्या दिवशीच्या पाण्यावर ठरते, माहितीपत्रकावर नाही.

"पाणी कमरेएवढेच तर आहे" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर धडधाकट माणूसही पाय रोवून उभा राहू शकत नाही.

कोणी जाऊ नये, कोणी विचारून जावे

आयोजक सही करण्यासाठी एक फॉर्म देतात. त्यात आजारांची यादी असते आणि बहुतेक जण ती न वाचता सही करतात. काही जण वाचतात आणि लपवतात, कारण ग्रुपमध्ये लाज वाटते. निदान गाइडला एकट्याला बाजूला घेऊन सांगा.

गरोदर स्त्रिया, गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा कोणतेही मोठे ऑपरेशन झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, मणक्याचा त्रास किंवा ऑपरेशन झालेले यांनी जाऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, त्यांनीही टाळावे. खांदा पूर्वी निखळलेला असेल तर वल्हे मारताना तो पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते.

फिट्स येणाऱ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगतो. एका मुलीची आई मला म्हणाली, "तिला लाइफ जॅकेट असणारच ना, मग काय हरकत आहे?" हरकत आहे. राफ्टिंगचे जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील अशी खात्री देत नाही. ते शुद्धीवर असलेल्या, हातपाय हलवणाऱ्या माणसासाठी बनवलेले असते. शिवाय या सहलींचे वेळापत्रक फिट येण्यास अनुकूलच असते: रात्रभर प्रवास, दोन-तीन तास झोप, सकाळची गोळी बॅगेत राहिलेली. अनेक वर्षे फिट आलेली नसेल, तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. त्या मुलीला मी त्या वर्षी नाही म्हटले. ती रागावली होती, आणि तिचा राग मला समजत होता.

मधुमेह असणाऱ्यांनी जायला हरकत नाही, पण पहाटे चारला निघून नऊपर्यंत काही न खाता इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतल्या, की ऐन रॅपिडमध्ये साखर कमी होऊ शकते. घाम, थरथर आणि घाबरल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे, आणि पहिल्यांदा राफ्टमध्ये बसलेल्या कोणालाही हेच होते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. निघण्याआधी नाश्ता करा आणि ग्लुकोजची पुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाइडच्या बंद पिशवीत द्या. दम्याचा पंपही तिथेच द्यावा. गाडीत ठेवलेला पंप नदीच्या मध्यावर उपयोगाचा नाही.

कानाच्या पडद्याला छिद्र असणाऱ्यांनी नदीचे पाणी कानात जाऊ देऊ नये. कॉन्टॅक्ट लेन्स घालून नदीत उतरू नये, लेन्सखाली अडकलेल्या पाण्यातल्या जंतूंमुळे डोळ्याच्या काचेला गंभीर जखम होते. चष्मा मागून दोरीने बांधून घालावा.

पोहता येत नाही म्हणून जायचे नाही असे नाही. उलट चांगले पोहणारे स्विमिंग टँकच्या भरवशावर जॅकेट सैल ठेवतात, हे जास्त वाईट.

दारूबद्दल एवढेच: आदल्या रात्री कॅम्पवर घेतलेली दारू सकाळी सातला अंगात असू शकते. तोल, निर्णय आणि श्वास रोखण्याची क्षमता, तिन्हींवर परिणाम होतो. गाइडने वास आल्यावर बसू दिले नाही तर त्याच्याशी वाद घालू नये.

जॅकेट, हेल्मेट आणि वल्ह्याची मूठ

जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर मित्राला दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आले तर ते सैल आहे. पाण्यात ते डोक्यावरून निघेल. दीर्घ श्वास घेता येईल पण जॅकेट सरकणार नाही, इतके घट्ट हवे. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या जरा वर बसले पाहिजे. केसांचा अंबाडा वर बांधला की हेल्मेट मागे सरकते, म्हणून वेणी घालावी. साडी, ओढणी, गळ्यातली साखळी, लांब मंगळसूत्र, मनगटावरचे सैल कडे हे सगळे काढून ठेवावे, कारण ते खडकात किंवा दोरीत अडकते. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला. चपला पहिल्याच लाटेत जातात.

राफ्टिंगमधल्या बऱ्याच दुखापती पाण्यात पडून होत नाहीत, राफ्टमध्येच होतात. आणि त्यांतला मुख्य गुन्हेगार म्हणजे वल्ह्याच्या वरच्या टोकाची आडवी मूठ. लाट आली, घाबरून हात सुटला की ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर, नाकावर किंवा डोळ्यावर बसते. मी पाहिलेल्या दुखापतींत हे प्रकार सर्वांत जास्त आहेत. काहीही झाले तरी वरचा हात त्या मुठीवरून सोडायचा नाही. राफ्टमध्ये बसलेल्या बाकीच्यांसाठी तुम्ही करू शकाल अशी सर्वांत मोठी मदत हीच.

दात मुळासकट पडला तर तो फेकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. मोठ्या माणसाचा कायमचा दात असेल आणि तो शुद्धीवर असेल तर स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन जागेवर बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवा. कोलाडच्या रस्त्यावर दूध मिळते. तासाभरात दंतवैद्य गाठला तर दात वाचण्याची आशा असते.

खांद्यासाठी एकच नियम आहे: कोपर खांद्याच्या वर आणि मागे जाऊ देऊ नका. हात उंच करून मागे वल्हे टाकले आणि पाण्याने ते ओढले की खांदा पुढच्या बाजूने निखळतो. निखळलाच तर मित्रांनी ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये, हाडही मोडलेले असू शकते आणि नस दाबली जाऊ शकते. ओढणीची झोळी करून हात छातीशी बांधा आणि दवाखान्यात आणा.

पाय राफ्टच्या तळाच्या खोबणीत अडकवतात तेव्हा फक्त पुढचा पंजा आत घाला. पाऊल खोल रुतवले आणि शरीर बाहेर फेकले गेले, तर घोटा किंवा गुडघा पिळवटतो.

पाण्यात पडलात तर

पहिला धक्का श्वासाचा बसतो. थंड पाण्यात अंग गेले की माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. कुंडलिकेत हा त्रास बेताचा असतो. ऋषिकेशला जाणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र लक्षात ठेवावे, तिथे गंगेत बर्फ वितळलेले पाणी असते. पहिले मिनिटभर फक्त श्वास सावरायचा. लाटेच्या दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात श्वास घ्या, माथ्यावर तोंड बंद ठेवा.

मग पाठीवर आडवे व्हा. पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावले पाण्याच्या वर दिसतील अशी, गुडघे किंचित वाकलेले, कंबर वर. खडक आला तर पायाने ढकलता येतो. राफ्ट जवळ असेल तर दोरी धरा, पण राफ्ट आणि खडक यांच्या मधे सापडू नका.

आणि उभे राहायचे नाही. सगळ्या लेखात एक वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा. पाय तळाला लागला की माणसाला सुटल्यासारखे वाटते, तो उभा राहायला बघतो, पाऊल दोन दगडांच्या फटीत जाते आणि मागून येणारा प्रवाह त्याला पुढे झोपवतो. पाऊल अडकलेले, तोंड पाण्यात. जॅकेट असूनही आणि पाणी छातीएवढेच असूनही माणूस असा बुडतो. काठाजवळ येईपर्यंत, बूड तळाला टेकेपर्यंत आडवेच राहा.

प्रवाहात आडवे पडलेले झाड दिसले तर नियम उलटा होतो. फांद्यांमधून पाणी जाते, माणूस जात नाही. तो तिथे दाबून धरला जातो. पाय पुढे करून तिथे पोहोचू नका. पालथे व्हा, जोरात पोहून बाजूला निघायचा प्रयत्न करा, आणि टाळता येतच नसेल तर डोके पुढे ठेवून झाडावर चढा.

काठावरून कोणी दोरी फेकली तर पिशवी न धरता दोरी धरा, छातीशी दोन्ही हातांनी. मनगटाला गुंडाळू नका. ओढले जाताना पाठीवरच राहा. राफ्टमध्ये वर घेणाऱ्यांनी हात धरून ओढू नये, जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरावेत.

नदीवर आपण एकटे नसतो

सभ्यपणाचा विषय डॉक्टरने का काढावा, असे कोणाला वाटेल. पण दोन राफ्ट एकाच रॅपिडमध्ये एकमेकांवर आदळतात तेव्हा हाडे मोडतात. पुढची राफ्ट रॅपिड पार होऊन बाजूला होईपर्यंत मागच्यांनी वर थांबायचे असते. खाली असलेल्या राफ्टला वाट देणे वरच्याचे काम, कारण खालच्याला मागचे दिसत नाही. शांत पाण्याच्या कोपऱ्यात राफ्ट थांबवली असेल तर मागून येणाऱ्यांसाठी जागा सोडावी. कोणाची कयाक उलटली, कोणी वाहत आले, तर ते कोणत्या ग्रुपचे हे न विचारता मदत करावी. शिट्टीचे तीन आवाज म्हणजे संकट. गंमत म्हणून शिट्टी वाजवू नये.

एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणे ठीक, पण आधी त्या राफ्टमधले लोक हसत आहेत का ते बघा. न विचारता कोणालाही पाण्यात ढकलणे ही मस्करी नाही. माझ्याकडे आलेली एक चाळिशीची शिक्षिका अशीच ढकलली गेली होती. तिचा गुडघा खडकावर आपटला, सहा आठवडे प्लास्टर. ढकलणारा सहकारी रोज डबा घेऊन यायचा, एवढे खरे. घाबरलेल्या माणसाने "मी या टप्प्यावर उतरतो" म्हटले तर त्याला उतरू द्यावे. शांत पाण्यात गाइड पोहायला परवानगी देतो, तेव्हाही ज्याला नको त्याला नको.

आणि काठावरच्या मावशी कपडे धूत असतात, कोणी गुरे धुतो, कोणी जाळे टाकून बसलेला असतो. ही त्यांची रोजची नदी आहे. जाळ्यावरून राफ्ट नेऊ नये, अंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढू नयेत. बाटल्यांच्या काचा पात्रात टाकल्या तर त्या पुढच्या अनवाणी पायाची वाट बघत राहतात, आणि तो पाय बहुधा गावातल्या पोराचा असतो.

बाहेर काढलेल्या माणसाला काय करावे

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर येते तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो, ओरडायला हवा उरत नाही. शांत झालेल्या माणसाकडे आधी बघा.

बाहेर काढल्यावर त्याला पालथे घालून पोट दाबणे, पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे प्रकार अजूनही होतात. त्याने पोटातले पाणी आणि अन्न घशात येते आणि तेच फुप्फुसात जाते. वेळही जातो. पाणी काढायचे नसते, हवा द्यायची असते.

हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालू नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने पाठीवर झोपवून, डोके मागे करून, हनुवटी उचलून, नाक बंद करून तोंडाने पाच श्वास द्यावेत. प्रत्येक श्वासाला छाती वर येते का बघा. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असे चालू ठेवा. दाब मिनिटाला १०० ते १२०, सुमारे ५ सेंटीमीटर खोल. हार्ट अटॅकमध्ये नुसती छाती दाबली तरी चालते असे तुम्ही ऐकले असेल. बुडालेल्या माणसाचे हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबते, म्हणून इथे श्वास देणे महत्त्वाचे. उलटी झाली, आणि ती बऱ्याचदा होते, तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. श्वास परत आला तर कुशीवर ठेवा, ओले कपडे काढून पांघरूण द्या.

घरी आल्यावर

नाकातोंडात पाणी गेल्यावर दोन-चार मिनिटे ठसका लागून थांबला आणि माणूस पूर्ववत झाला, तर काळजी नाही. पण खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तोंडाला फेस आला असेल, सुस्ती किंवा गोंधळ असेल, किंवा क्षणभर तरी शुद्ध गेली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. आम्ही साधारण सहा ते आठ तास लक्ष ठेवतो. तेवढ्या वेळात श्वास आणि ऑक्सिजन ठीक राहिले तर घरी सोडतो. मेसेजमधून फिरणारे "कोरडे बुडणे", म्हणजे अगदी ठणठणीत माणूस चार दिवसांनी अचानक दगावतो, हे मात्र खरे नाही. ज्यांची फुप्फुसे बिघडतात त्यांना पहिल्या काही तासांत लक्षणे दिसतात. माझ्या रुग्णालाही दिसली होती. कोणी ती मोजली नाहीत.

डोक्याला मार लागून नंतर उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा झोपाळूपणा असेल तर रात्र घालवू नका.

दुसरी गोष्ट तापाची. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा जंतू पाण्यात येतात आणि जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. २००० साली मलेशियातल्या सबा इथे झालेल्या साहसी शर्यतीनंतर अनेक देशांचे खेळाडू घरी जाऊन लेप्टोने आजारी पडले, आणि सेगामा नदीत पोहण्याशी त्याचा संबंध आढळला. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही, म्हणून सहल आठवत नाही. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, लाल डोळे, लघवी कमी होणे किंवा कावीळ असेल तर डॉक्टरांना "मी अमुक तारखेला नदीत उतरलो होतो" हे स्वतःहून सांगा. या एका वाक्याने निदान दोन-तीन दिवस आधी होते. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन पावसाळ्यात किंवा उघडी जखम असताना विचारात घेता येते, पण स्वतःच्या मनाने घेऊ नये, गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना तर नाहीच. पायाला जखम असेल तर सहल पुढे ढकलणे हा जास्त सोपा उपाय. खरचटले असेल तर लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.